उलटा चिमटा

गुलाबराव खोब्रागडे गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी ते सुरक्षा अधिकारीच होते. फरक एवढाच की कारखान्यात त्यांचं ऐकायला शेकडो कामगार होते आणि घरी एकट्या इंदुताई. त्यामुळे आधी शेकडोंत वाटला जाणारा सगळा उपदेश आता एकट्या बाईच्या वाट्याला येत होता. स्टुलावर चढण्याआधी ते हलवून पाहावं, ओल्या फरशीवर पाऊल सपाट टाकावं, कुकरकडे वाकून पाहू नये, विळीवर बसताना मनात दुसरा विचार आणू नये. इंदुताई आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. जिवतीच्या डोंगरातल्या वस्त्यांवर कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केलेली बाई. त्या सगळं ऐकून घेत आणि पोळी उलटवत.

गुलाबरावांची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. गुलाबरावांना चालणं मान्य नव्हतं, कारण गडचांदूरच्या रस्त्यावर ट्रकांची जी रांग लागते तिच्या कडेनं चालणं म्हणजे त्यांच्या भाषेत 'असुरक्षित कृती'. मग हैदराबादेत नोकरीला असलेल्या नूतननं बापासाठी सायकल मागवून पाठवली, कॉलनीतल्या आतल्या रस्त्यांवर फिरवायला. ती आली एका लांबलचक खोक्यात. खोक्यावर लिहिलं होतं की सायकल पंच्याऐंशी टक्के जोडलेली आहे. उरलेल्या पंधरा टक्क्यांत माणसाचं काय काय होऊ शकतं, हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

"चौकात लच्छू सायकलवाला आहे," इंदुताई म्हणाल्या. "त्याच्याकडून जोडून घ्या न."

"लच्छू? तो चपला घालून काम करते, इंदू. पायाची बोटं उघडी. त्याच्या हाती मी माहा जीव देऊ?"

विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांनी ओसरीवर कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधून कामाची हद्द आखली. अंगात पिवळं जाकीट, डोक्यावर कारखान्याचं जुनं हेल्मेट, हातमोजे, डोळ्यांवर जाड चष्मा. काम सुरू करण्याआधी कामगारांना धोके समजावून सांगायचे असतात, म्हणून त्यांनी इंदुताईंना दोरीच्या पलीकडे उभं करून धोके समजावून सांगितले. इंदुताईंच्या हातात भाजीची परात होती. धोके संपेपर्यंत सगळी मेथी निवडून झाली.

न्यायानं बोलायचं तर काम त्यांनी मन लावून केलं. शीट स्वतःच्या कमरेच्या उंचीला बसवलं. चाकात हवा भरून अंगठ्यानं दाबून पाहिली. ब्रेकचे रबर रिमवर नीट बसतात की नाही ते वाकून पाहिलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते जबरदस्तीनं पिळलं तर आटे मरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते बरोबर उलट्या बाजूनं फिरवलं आणि इंदुताईंकडे असं पाहिलं की जणू गुरुत्वाकर्षणाचा शोध आत्ताच लागला.

चूक एकाच ठिकाणी झाली. खोक्यात मावावी म्हणून सायकलीचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्या दोन पायांमध्ये पुढचं चाक बसतं तो, मागे फिरवून ठेवलेला असतो. हॅण्डल बसवण्याआधी तो पुढे वळवायचा असतो. गुलाबरावांनी तो जसा होता तसाच ठेवला, त्यात चाक बसवलं आणि वर हॅण्डल मात्र सरळ आवळलं. कारखान्यातून जे येतं ते बरोबरच येतं, अशी त्यांची श्रद्धा होती. सोबत जोडणीचं चित्रांचं पत्रक होतं, पण चित्रं नवशिक्यांसाठी असतात.

"अवो," इंदुताई म्हणाल्या, "हे पुढचं ब्रेक मागच्या अंगाला कसं काय आलं? अन् चाक तं पार पायडलपाशी घुसलं."

"नवीन डिझाइन आहे. हवा कापते ते."

"बरं," इंदुताई म्हणाल्या.

सायकलीशेजारी उभं राहून काढलेला फोटो गुलाबरावांनी कारखान्यातल्या निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. यंत्रविभागाचे माजी प्रमुख, ज्यांनी आयुष्यभर अवाढव्य यंत्रं फिरवली, त्यांनी लिहिलं, 'एक्सलंट फिटिंग!' फोटोत उलटा चिमटा सूर्यप्रकाशात चकाकत होता. पण फोटोतला माणूस इतका आत्मविश्वासानं उभा होता की चिमट्याकडे बघायची कोणाची छाती झाली नाही.

आता कोणी विचारेल की चालवताना हे कळलं कसं नाही? त्यालाही सुरक्षाच जबाबदार. गुलाबराव सरळ रस्त्यावरच सायकल चालवत. वळण आलं की उतरत, उजवीकडे पाहत, डावीकडे पाहत, पुन्हा उजवीकडे पाहत, सायकल हातानं वळवत आणि पुन्हा बसत. हॅण्डल चालू सायकलीवर कधी वळलंच नाही. सायकल जरा बुजरी वाटायची, हॅण्डल हातात थरथरायचं. पण नव्या गोष्टी थोड्या बुजऱ्या असतात, असं त्यांनी ठरवून टाकलं. दर रविवारी ते चेनला तेल देत, जास्तीचं फडक्यानं पुसून काढत, नट आवळत. एवढी निगा राखलेली चुकीची सायकल सगळ्या कोरपना तालुक्यात दुसरी नसेल.

ही कीर्ती पलीकडच्या गावातल्या शाळेपर्यंत गेली. शाळेचे मुख्याध्यापक उरकुडे सर फोनवर म्हणाले, "साहेब, शुक्रवारी आमच्या मुलींले सरकारी योजनेतल्या सायकली वाटून राह्यलो. तुमी प्रमुख पाहुणे. सुरक्षित सायकलिंगवर दोन शब्द अन् एखादं प्रात्यक्षिक."

दोन शब्दांवर थांबणारा माणूस बोलवायचा असता तर उरकुडे सरांनी दुसऱ्या कोणाला तरी फोन करायला हवा होता. गुलाबरावांनी पोटरीच्या उंचीचे मोजे घेतले, नूतननं सायकलीसोबत पाठवलेलं नवं हेल्मेट घेतलं आणि सायकल मालवाहू ऑटोत टाकून शाळेत नेली. मोठ्या रस्त्यावर ट्रक असतात, तिथे सायकल चालवणं सुरक्षित नव्हे.

मैदानात मंडप होता. मंडपाशेजारी नव्याकोऱ्या सायकली ओळीनं उभ्या होत्या. शीटांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. गुलाबरावांनी आपली सायकल त्या ओळीच्या टोकाला लावली, दोन पावलं मागे सरकले आणि थबकले.

ओळीतल्या सगळ्या सायकलींचे चिमटे पुढे झुकलेले होते. त्यांच्या सायकलीचा मागे.

दुसरा कोणी असता तर त्याच्या मनात एक विशिष्ट शंका आली असती. गुलाबरावांच्याही मनात शंका आली. ती अशी, की एवढ्या सगळ्या सायकली एकाच वेळी चुकीच्या कशा काय जोडल्या गेल्या? त्यांना दुःख झालं, संताप आला आणि खोल कुठेतरी आनंदही झाला. निवृत्तीनंतर इतका मोठा धोका त्यांना पहिल्यांदाच सापडला होता.

शाल आणि नारळ स्वीकारून ते माइकसमोर उभे राहिले. "विद्यार्थिनींनो, आज एक मोठी दुर्घटना टळलेली आहे," त्यांनी सुरुवात केली.  "या सर्व सायकलींचे पुढचे चिमटे उलटे बसवण्यात आलेले आहेत. माझ्या सायकलीशी तुलना करून पाहा."

उरकुडे सरांनी तुलना केली. शाळा समितीच्या अध्यक्षांनी केली. दोघांच्याही घरी सायकली होत्या, दोघंही लहानपणी सायकलीवरून शाळेत गेले होते. पण माइकवरून बोललेलं वाक्य आणि गळ्यातली शाल यांच्यापुढे डोळ्यांचं काय चालतं? "खरंच की हो," अध्यक्ष म्हणाले. "मले पहिल्यापासून काहीतरी खटकूनच राह्यलं होतं."

प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रातिनिधिक स्वरूपात एक सायकल दुरुस्त करावी आणि बाकीच्या सोमवारी शाळेचा शिपाई इसरू यानं कराव्यात, असं तिथल्या तिथे ठरलं. वर्गात पहिली येणारी दिव्यानी टेकाम पुढे आली. तिची सायकल मंचासमोर आणली गेली. गुलाबरावांनी पान्यानं हॅण्डलचा नट ढिला केला, चाक धरून चिमटा मागे फिरवला, हॅण्डल सरळ केलं आणि नट करकचून आवळला. टाळ्या पडल्या. चांगली भली सायकल सर्वांच्या साक्षीनं बिघडवण्यात आली आणि त्याचे फोटोही निघाले.

मग प्रात्यक्षिक. मैदानात चुन्यानं मोठा आठ काढला होता. इथे उतरून सायकल हातानं वळवली तर मुली हसतील, एवढं गुलाबरावांनाही कळत होतं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसवला, पट्ट्याखाली किती जागा राहावी ते दाखवलं, दोन्ही ब्रेक दाबून दाखवले आणि निघाले. सरळ भाग झकास गेला. मग आठाचं पोट आलं. गुलाबरावांनी आयुष्यात पहिल्यांदा या सायकलीचं हॅण्डल चालता चालता वळवलं. चाक वळलं आणि पुढे आलेल्या पायाच्या बोटांवर जाऊन अडकलं.

पुढचं फार लवकर झालं. सायकल एकीकडे गेली, शाल दुसरीकडे गेली आणि गुलाबरावांचं डोकं ध्वजस्तंभाच्या सिमेंटच्या ओट्यावर आपटलं. ठक्क असा आवाज झाला. सिमेंट बहुधा त्यांच्याच कारखान्याचं असावं, कारण ओट्याचा टवकाही उडाला नाही. हेल्मेटला मात्र तडा गेला.

 आडवे पडलेले गुलाबराव आभाळाकडे पाहत होते. भीती वाटायला अजून वेळ होता, आधी लाज आली. आणि लाजेच्याच जोरावर ते उठून बसले, तडकलेलं हेल्मेट काढून उंच धरलं आणि ओरडले, "तर विद्यार्थिनींनो! हे डोक्यावर नसतं, तर आत्ता काय फुटलं असतं?"

"डोकं!" मुली एका सुरात ओरडल्या. टाळ्यांनी मंडप दणाणला.

"काय प्रात्यक्षिक केलं साहेबांनी!" उरकुडे सर माइकवर गहिवरले. "या वयात! स्वतः पडून दाखवलं!"

गुलाबरावांनी नाही म्हटलं नाही. उलट त्याच झोकात त्यांनी सगळ्या मुलींकडून शपथ वदवून घेतली, की हेल्मेटशिवाय सायकलवर बसणार नाही. मुलींनी हात पुढे करून शपथ घेतली. योजनेत सायकली होत्या, हेल्मेटं नव्हती, याकडे त्या क्षणी कोणाचं लक्ष गेलं नाही.

घरी आल्यावर इंदुताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघा धुतला, मानेवरून हात फिरवला, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला.

"चक्कर? मळमळ?"

"काही नाई. मी मुद्दाम पडलो. प्रात्यक्षिक होतं."

"बरं." त्यांनी बूट काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. "अन् हे? हे बी मुद्दाम केलं?"

गुलाबराव नखाकडे पाहत राहिले. एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. कारखान्यात अपघात झाला की दोष कोणाचा, हे विचारायच्या आधी घडलं काय, हे शोधायचं, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. वरच्या साहेबांनी कामगारावर ढकलायला सांगितलं तरी मोडला नव्हता, आणि त्यापायी त्यांची बढती एकदा हुकलीही होती. पडून डोकं आपटतं, गुडघा फुटतो. बुटाच्या आत अंगठा कसा चेंगरेल?

ते लंगडत ओसरीवर गेले. सायकल भिंतीला टेकवून शीटवर बसले, पायडल पुढे आणलं, हॅण्डल वळवलं. चाक येऊन बुटाला भिडलं. दुसऱ्या बाजूला वळवलं. दुसऱ्या बुटाला भिडलं.  शाळेतली ती ओळ त्यांच्या डोळ्यांपुढे आली, सगळ्या सायकली एकीकडे आणि त्यांची एकटीची दुसरीकडे. आणि मग दिव्यानी टेकाम आठवली. ट्रकांच्या रस्त्यानं घरी जाणारी. त्यांनी स्वतःच्या हातानं, शाल पांघरून, टाळ्यांच्या गजरात बिघडवलेल्या सायकलीवर.

"इंदू!" ते ओरडले.  "गाडी काढ! लवकर!"

"झालं काय?"

"चिमटा उलटा आहे. माहा. अन् मी त्या पोरीचाही उलटा करून ठेवला."

इंदुताईंनी लगेच स्कूटी काढली. गुलाबराव मागे बसले, हातात पाना. खाणीकडून येणारे ट्रक धूळ उडवत जात होते. दर ट्रकामागून पुढचं दिसेपर्यंत गुलाबराव मान लांब करून रस्त्याची कड पाहायचे. "हळू" हा शब्द ते त्या दिवशी एकदाही बोलले नाहीत, उलट दोनदा "पळव" म्हणाले.

शाळा ओलांडून थोडं पुढे गेल्यावर त्यांना ती वरात दिसली. रस्त्याच्या कडेच्या मातीतून मुली एकामागून एक चालल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात नवीकोरी सायकल. घाम पुसत, सायकली ढकलत. एकही बसलेली नव्हती. मधोमध दिव्यानी.

गुलाबराव स्कूटी थांबायच्या आधीच उतरले. "तुम्ही पायी काऊन चालून राह्यल्या?"

"सर, शपथ घेतली न," दिव्यानी म्हणाली. "हेल्मेट कुठी आहे आमच्यापाशी?"

सायकली मिळण्याआधी या मुली रिकाम्या हातानं चालत जात. आता सायकल ढकलत जात होत्या. सुरक्षिततेचा असा संपूर्ण विजय गुलाबरावांनी कारखान्यातही पाहिला नव्हता. त्यांना हसू आलं की रडू, हे त्यांनाच कळलं नाही. ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले.

"सायकल आण इकडे," ते दिव्यानीला म्हणाले. "सरळ करतो."

"पण सर, तुमीच तं सरळ केली मघाशी."

इथे एक सोपी वाट होती. नवीन पद्धत आली आहे, दोन्ही प्रकार चालतात, वरून आदेश आला आहे. अशी वाक्यं गुलाबरावांना झोपेतही सुचत. ओठांवर एक आलंही. स्कूटीवर टेकून उभ्या असलेल्या इंदुताई दुसरीकडे पाहत होत्या. दिव्यानी उत्तराची वाट पाहत होती.

"नाई. मी उलटी केली," गुलाबराव म्हणाले. "तुमच्या सगळ्या बरोबर होत्या. माहीच चुकीची होती. म्हणून तं पडलो."

"मंग ते मुद्दाम नव्हतं?" मागून एकीनं विचारलं.

"नाई."

एक मुलगी फिस्सकन हसली, मग दुसरी, मग सगळी ओळच. गुलाबराव मान खाली घालून नट ढिला करत राहिले. चिमटा पुढे वळवला, हॅण्डल सरळ केलं, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हॅण्डल हलतं का ते पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला. मग दिव्यानीला शीटवर बसवून हॅण्डल दोन्हीकडे वळवून पाय लागतो का, हेही पाहिलं. लागला नाही.

"शपथेचं काय?" दिव्यानीनं विचारलं.

हा खरा पेच होता. गुलाबरावांनी रस्त्याकडे पाहिलं. "मोठा रस्ता आहे तिथवर हातातच घ्या. गावाच्या फाट्यापासून आत ट्रक येत नाई, तिथी बसा. हळू. हेल्मेटचं मी पाहतो."

मुली गेल्या. फाट्यावर पोचल्यावर एकेक जण सायकलवर चढली, आणि लांबून घंट्यांचा गोंगाट ऐकू आला.

शाळेत उरकुडे सर कुलूप लावत होते. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पडला, पण चिमट्यासाठी नव्हे. "साहेब, मी तं तालुक्याले रिपोर्ट पाठवूनही टाकला. तज्ज्ञांनी तांत्रिक दोष शोधला म्हणून. आता उलटं कसं लिहू? सोमवारी करून टाकू न सगळ्या तशाच. तेवढंच मिळतंजुळतं होते."

"मिळतंजुळतं?" गुलाबराव इतक्या मोठ्यानं म्हणाले की इसरू हातात पाना घेऊनच धावत आला. "पोरींचे पाय मोडतीन, सर! लिहा, की तज्ज्ञ चुकला. माहं नाव टाका. स्पेलिंग मी सांगतो."

उरकुडे सरांनी ते लिहिलं की नाही, हे कळायला मार्ग नाही. पण इसरूच्या हातातला पाना गुलाबरावांनी काढून घेतला तो परत दिलाच नाही. निवृत्तांच्या गटावर त्यांनी त्याच रात्री सगळी हकीकत टाकली. यंत्रविभागाच्या माजी प्रमुखांनी लगेच कळवलं की त्यांना फोटोतच शंका आली होती. या वाक्याची किंमत म्हणून गुलाबरावांनी त्यांच्याकडून आणि बाकीच्या अंगठेबहाद्दरांकडून मुलींसाठी हेल्मेटं वसूल केली. काहींनी कुरकुर केली, पण दिली.

पुढे दर शनिवारी शाळा सुटली की गुलाबराव मैदानात जाऊ लागले, आपली सरळ केलेली सायकल घेऊन. मुली हवा भरायला शिकल्या, चेनला तेल द्यायला शिकल्या, ब्रेकचे रबर झिजलेत की नाही ते कसं ओळखायचं हे शिकल्या. उपदेश कमी झाला, असं म्हणता येणार नाही. पण एखादी मुलगी मध्येच "सर, हे असं नाई वाटत" म्हणाली की ते थांबून वाकून पाहायचे. दहातल्या नऊ वेळा तेच बरोबर निघायचे, आणि तसं मोठ्या आवाजात सांगायचेही.

पावसाळ्याच्या तोंडाशी उरकुडे सरांचा पुन्हा फोन आला. शाळेत साप निघतात, तेव्हा साप दिसल्यावर काय करावं यावर साहेबांनी मार्गदर्शन करावं, शक्य झालं तर प्रात्यक्षिकासह. इंदुताई ताटं मांडता मांडता थांबल्या. गुलाबरावांनी घसा साफ केला, छाती फुगवली, तोंड उघडलं.

"साप?" ते म्हणाले. मग थोडे थांबले. "त्यातलं मले काही समजत नाई, सर. तुमी दुसरा माणूस पाहा."

फोन ठेवून ते ताटावर बसले. इंदुताईंनी सवयीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग त्यांनी भाकरी वाढली.